बाद फेरीत समतोल संघच जिंकतो? एका कबड्डीच्या प्रश्नातून संशोधनाची तयारी

भिवंडीच्या आसपासच्या आगरी-कोळी गावांत थंडी पडली की मातीच्या मैदानांवर कबड्डीचे सामने सुरू होतात. सामने रात्री उशिरापर्यंत चालतात आणि त्यांच्यावरची चर्चा त्याहून उशिरापर्यंत. त्या चर्चेत एक मत हमखास ऐकू येतं : एका भारी चढाईपटूच्या जोरावर साखळीतले सामने निघतात, पण बाद फेरीत जिंकतो तो समतोल संघच. प्रो कबड्डीबद्दलही लोक हेच बोलतात. तिकडे अमेरिकन फुटबॉलवाले चाहते सतत पास फेकणाऱ्या संघांबद्दल अगदी असंच म्हणतात.

आज या मताकडे आपण संशोधनाचा प्रश्न म्हणून बघू. कारण सांगतो. पीएचडीच्या तयारीतल्या पुष्कळ जणांचा पहिला सिनॉप्सिस असाच असतो. सगळ्यांना पटणारं एक विधान घ्यायचं, त्याच्या बाजूची चार उदाहरणं जमवायची आणि "यावरून सिद्ध होते की" असं लिहून मोकळं व्हायचं. मग प्रवेशाच्या मुलाखतीत समोरचे सर विचारतात, "समतोल म्हणजे नक्की काय? तो मोजणार कसा?" आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळी हवा निघते. विधान चुकीचं असतं असं नाही, ते तपासण्याच्या स्थितीत आणलेलं नसतं. तर चला, हे एक विधान तपासण्याच्या स्थितीत आणून बघू.

आधी खेळाचा इतिहास, मग आकडे

कुठल्याही विषयात आकड्यांना हात लावण्याआधी विचारा, की ही व्यवस्था चालते कशी? कबड्डीत याचं उत्तर नियमांच्या इतिहासात आहे.

महाराष्ट्रात हा खेळ हुतूतू म्हणून खेळला जायचा आणि त्याचे तीन मुख्य प्रकार होते. 'अमर'मध्ये खेळाडू बाद झाला तरी मैदानाबाहेर जात नसे, प्रतिस्पर्ध्याला फक्त गुण मिळे. 'गामिनी'मध्ये बाद झालेला खेळाडू त्याचा अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. 'संजीवनी'मध्ये आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की आपला एक बाद गडी पुन्हा 'जिवंत' होऊन आत येई. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत या प्रकारांना एका नियमावलीत बसवायचे प्रयत्न झाले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. या प्रवासात टिकून राहिला तो मुख्यतः संजीवनीचा गाभा.

आता हे तीन प्रकार आपल्या प्रश्नासमोर ठेवा. अमर प्रकारात एकटा चढाईपटू संघाला कितीही काळ ओढू शकतो, कारण त्याला बाहेर काढायची सोयच नाही. गामिनीत तो एकदा पकडला गेला की लोण होईपर्यंत संपला. संजीवनीत तो परत येतो, पण स्वतःच्या बळावर येऊ शकत नाही. त्याला आत आणायला दुसऱ्या कुणीतरी गुण मिळवावा लागतो.

आणखी एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळी गोम त्यातच आहे. खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने जिवंत होतात. समजा तुमचा हुकमी चढाईपटू पकडला गेला तेव्हा बाहेर आधीच तीन जण बसलेत. मग तो चौथा. तो आत येण्यासाठी उरलेल्यांना चार गडी टिपावे लागतील. बोनस गुणाने कुणी जिवंत होत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि ते आधीचे तीन जण बाहेर का होते? बहुतेक करून समोरच्या चढाईपटूने त्यांना टिपलं म्हणून, म्हणजेच बचाव कच्चा म्हणून. थोडक्यात, कच्चा बचाव फक्त गुण देत नाही, तो तुमच्या चढाईपटूच्या पुढची रांगसुद्धा लांबवतो.

भिवंडीत हे समजावणं सोपं आहे. लूमवर ताणा कितीही मजबूत भरा, बाण्याची कांडी संपली की कापड थांबतं. चढाई आणि पकड यांचं नातं तसं आहे.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीच्या नियमांनी उलट्या बाजूनेही दाब दिला. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'ची : गुण मिळवा, नाहीतर बाद व्हा. त्यामुळे फक्त बचावावर बसून राहायची सोय गेली. आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली की एक जादा गुण, म्हणजे अव्वल पकड. त्यामुळे गडी कमी उरले तरी बचावाला किंमत राहिली. एकाच अंगाने खेळणाऱ्याला आजचे नियम दोन्हीकडून चिमटा काढतात.

ही झाली यंत्रणा. आता आपल्याकडे नुसतं मत नाही, एक अपेक्षा आहे : ज्या संघाचा मुख्य चढाईपटू बाद झाल्यावर लवकर परत येतो तो संघ टिकेल. हिला गृहीतक म्हणता येईल.

बाजूने बोलणारे पुरावे

उदाहरणं भरपूर आहेत. पहिल्या तीनही हंगामांत अंतिम फेरी गाठणाऱ्या यू मुंबाने २०१५ मध्ये बेंगळुरू बुल्सला ३६-३० हरवून विजेतेपद मिळवलं. त्या संघात अनुप कुमारची चढाई होती, तसेच मोहित छिल्लर, सुरेंदर नाडा, जीवा कुमार, विशाल माने असे पकडीतले पक्के गडीही होते.

सातवा हंगाम तर या मताची जाहिरातच वाटतो. पवन सेहरावतचे ३४६ चढाई गुण, पण बुल्स उपांत्य फेरीत बाद. परदीप नरवालचे ३०२, पण पाटणा पायरेट्स पहिल्या सहातही नाही. कोल्हापूरच्या सिद्धार्थ देसाईने तेलुगू टायटन्ससाठी दोनशेहून जास्त चढाई गुण मिळवले, तरी तो संघ बाद फेरीपासून लांबच राहिला. १९ ऑक्टोबर २०१९ ला अहमदाबादेत अंतिम सामना झाला. दबंग दिल्लीच्या ३४ गुणांपैकी १८ एकट्या नवीन कुमारचे होते. समोर बंगाल वॉरियर्स आपला कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे बाहेर असताना उतरले होते. जिंकले बंगालच, ३९-३४. अष्टपैलू मोहम्मद नबीबक्षने १० आणि सुकेश हेगडेने ८ गुण मिळवले, बाकीचे इतरांत वाटले गेले.

पुढे दहावा हंगाम. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवलं. त्या हंगामात चढाई गुणांच्या यादीत आशू मलिक आणि अर्जुन देशवाल आघाडीवर होते. पहिल्या पाचांत पुण्याचा एकही नव्हता. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते यांनी गुण वाटून घेतले आणि बचावात मोहम्मदरेझा शाडलुईने ९९ पकड गुण मिळवले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला पुण्यात अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. पाटण्याच्या देवांक दलालच्या नावावर हंगामात ३०१ चढाई गुण होते. अंतिम सामन्यात त्याला ५ वर रोखून हरियाणा ३२-२३ असं जिंकलं.

इथे थांबून बघा. एवढ्या मजकुरावर एक छान लेख होतो. वर्तमानपत्राचं काम भागतं, संशोधनाचं अजून सुरूही झालेलं नाही.

पहिला प्रश्न : न बसणारी उदाहरणं कुठे आहेत?

पाचवा हंगाम घ्या. परदीप नरवालचे ३६९ चढाई गुण. एलिमिनेटरमध्ये हरियाणाविरुद्ध एकट्याचे ३४, त्यात एकाच चढाईत ८ गुण. पाटण्याने तो सामना ६९-३० जिंकला. मग अंतिम फेरीत गुजरात समोर होतं, फझल अत्राचली आणि अबोझर मिघानी या दोन इराणी बचावपटूंचा पोलादी संघ. निकाल पाटणा ५५, गुजरात ३८. परदीपचे १९ गुण. सहाव्या हंगामातही तेच. ५ जानेवारी २०१९ ला मुंबईत पवन सेहरावतने अंतिम सामन्यात २२ गुण घेतले आणि पुन्हा गुजरातच हरलं, ३३-३८. नवव्या हंगामात सर्वाधिक चढाई गुण अर्जुन देशवालचे आणि विजेता त्याचाच जयपूर.

आता नीट मोजू. पहिल्या ११ हंगामांत सर्वाधिक चढाई गुण मिळवणाऱ्या खेळाडूचा संघ किती वेळा विजेता झाला? तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या आणि नवव्या हंगामात. म्हणजे ४ वेळा. सात वेळा झाला नाही.

इथे बहुतेक जण घाईने म्हणतील, "बघा, ११ पैकी ७ वेळा हरले, म्हणजे एका चढाईपटूवर भागत नाही." पण तुलना कशाशी करताय? पहिल्या चार हंगामांत ८ संघ होते, नंतरच्या सातांत १२. नुसती चिठ्ठी काढून विजेता ठरवला असता, तर कुठल्याही एका ठरावीक संघाच्या वाट्याला ४ × १/८ अधिक ७ × १/१२, म्हणजे साधारण १.०८ विजेतेपदं आली असती. आली ४. म्हणजे सर्वांत भारी चढाईपटू असणं तोट्याचं तर नाहीच, उलट चांगलंच फायद्याचं दिसतं!

याला मूळ दर म्हणतात. "इतके टक्के अपयशी" हा आकडा एकटा काही बोलत नाही. बाकीचे किती टक्के अपयशी, हे कळल्यावरच तो बोलतो. तुमच्या विषयात रोगी असोत, बियाणं असो की विद्यार्थी असोत, हा प्रश्न टाळता येत नाही.

आणि लगेच उलट्या बाजूलाही उडी मारू नका. विजेता संघ बाद फेरीतले सामने जास्त खेळतो, त्यामुळे त्याच्या चढाईपटूला गुण वाढवायला संधीही जास्त मिळते. म्हणजे त्या ४ मध्ये थोडी फुगवटी असू शकते. न्याय्य तुलना हवी तर फक्त साखळीतले, तेही दर सामन्यामागचे गुण घ्यायला हवेत.

दुसरा प्रश्न : व्याख्या आधी ठरली की निकालानंतर?

पाचव्या हंगामातल्या पाटण्याचं उदाहरण दिलं की समतोलवादी म्हणतात, "अहो, पण तिथे दुसऱ्या बाजूला मोनू गोयत होता ना! तो संघ एकखांबी नव्हताच." गंमत बघा, हे खरं आहे. मोनू त्या हंगामात खरंच भरात होता आणि पुढच्याच लिलावात त्याला १.५१ कोटी रुपये मिळाले. पण हे आपल्याला आठवलं कधी? पाटणा जिंकल्यावर. हरलं असतं तर हाच संघ "परदीपवर अवलंबून" ठरला असता.

जिंकला तो समतोल आणि हरला तो एकांगी, अशी व्याख्या असेल तर सिद्धांत कधीच खोटा ठरणार नाही, आणि म्हणून तो काही सांगणारही नाही. यावर उपाय एकच : निकाल बघण्याआधी व्याख्या लिहून ठेवायची. उदाहरणार्थ, "साखळी फेरीतल्या संघाच्या एकूण चढाई गुणांपैकी पहिल्या चढाईपटूचा वाटा ५० टक्क्यांहून जास्त असेल तर तो एकांगी." पन्नास का, साठ का नाही? तेही आधीच ठरवा आणि दोन्ही आकड्यांवर निष्कर्ष टिकतो का ते नंतर तपासा.

शिवाय बचावाकडे झुकलेले संघही एकांगीच, हे विसरलं जातं. गुजरात लागोपाठ दोन अंतिम सामने हरलं. सहाव्या हंगामात नितेश कुमारने शंभर पकड गुण मिळवले, तरी यूपी योद्धा विजेता झाला नाही. आठव्या हंगामात शाडलुईच्या ८९ पकड गुणांसह पाटणा अंतिम फेरीत पोहोचलं आणि एका गुणाने, ३६-३७, हरलं. तुमची व्याख्या या संघांनाही लागू होते का, बघा.

तिसरा प्रश्न : कारण कुठलं, परिणाम कुठला?

हा धडा अमेरिकन फुटबॉलकडून घेण्यासारखा आहे. तिथे चेंडू पुढे न्यायचे दोन मार्ग : घेऊन पळायचं किंवा हवेतून पास द्यायचा. पासवाल्या संघांच्या अपयशाच्या दोन प्रसिद्ध कहाण्या आहेत. २००७ च्या हंगामात न्यू इंग्लंड पेट्रियट्सने साखळीतले सगळे १६ सामने जिंकले, ५८९ गुणांचा तेव्हाचा विक्रम केला आणि अंतिम सामना न्यूयॉर्क जायंट्सकडून १४-१७ हरला. २०१३ च्या हंगामात पेटन मॅनिंगच्या ५५ टचडाऊन पासांच्या जोरावर डेन्व्हर ब्राँकोजने ६०६ गुणांचा नवा विक्रम केला आणि अंतिम सामन्यात सिअ‍ॅटलने त्यांना ४३-८ असं चिरडलं. सिअ‍ॅटलने त्या हंगामात सगळ्यांत कमी गुण दिले होते.

या कहाण्यांच्या जोडीला तिथे एक आकडाही सांगितला जायचा : जास्त वेळा पळणारे संघ जास्त सामने जिंकतात. आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा. पळत चेंडू नेला की घड्याळ चालू राहतं, पास खाली पडला की घड्याळ थांबतं. म्हणून आघाडीवर असलेला संघ वेळ काढायला पळतो आणि पिछाडीवरचा घाईने पास फेकतो. पळाले म्हणून जिंकले असं नव्हे, जिंकत होते म्हणून पळाले.

आता कबड्डीत या. आघाडीवर असलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत काय करतो? चढाईचे तीसही सेकंद खातो, रिकामा परत येतो, तिसऱ्या चढाईलाच काय तो धोका पत्करतो. पिछाडीवरचा चढाईपटू मात्र प्रत्येक वेळी आत घुसतो आणि पकडला जातो. त्यामुळे आघाडीवरच्या संघाच्या खात्यात पकडीचे गुण आपोआप साचतात. सामना संपल्यावर गुणपत्रक बघितलं की विजेता समतोल दिसतो आणि पराभूत संघ चढाईवर अवलंबून. समतोलामुळे विजय की आघाडीमुळे समतोल? पूर्ण सामन्याच्या बेरजेवरून हे कधीच कळणार नाही. फक्त पहिला अर्धा घ्या, किंवा दोन्ही संघांत पाच गुणांहून कमी फरक असतानाच्याच चढाया घ्या, म्हणजे थोडं धुकं हटेल.

चौथा प्रश्न : उदाहरणं खरंच वेगवेगळी आहेत का?

सातव्या हंगामातला बंगाल आणि दहाव्या हंगामातली पुणेरी पलटण, ही आपली दोन आवडती उदाहरणं. दोन्ही संघांचे प्रशिक्षक एकच : बी. सी. रमेश. दहाव्या हंगामातली पुणेरी आणि अकराव्यातला हरियाणा, या दोन्ही विजेत्या संघांत शाडलुई. हरियाणाचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग हे गुजरात ते दोन अंतिम सामने हरलं तेव्हा गुजरातचे प्रशिक्षक होते, आणि त्याआधी तिसऱ्या हंगामात विजेत्या पाटण्याकडून खेळले होते.

मग श्रेय समतोलाला द्यायचं, रमेश यांना द्यायचं, की शाडलुईला? अकरा हंगाम म्हणजे अकरा स्वतंत्र नोंदी नव्हेत. तीच माणसं संघ बदलून पुन्हा पुन्हा येतात. आधीच नोंदी कमी, त्यात एकमेकींत गुंतलेल्या. अशा वेळी विजेतेपदं मोजण्यापेक्षा एककच बदला. हंगाम नको, सामना घ्या. शक्य असेल तर सामनाही नको, चढाई घ्या. एका हंगामात विजेता एकच असतो, चढाया हजारोंनी असतात.

पण मग बाद फेरीत वेगळं काय होतं?

इथे थोडं संख्याशास्त्र. एक काल्पनिक संघ घ्या, ज्याचा एकच चढाईपटू सामन्याला सरासरी १६ गुण आणतो, मानक विचलन ८. दुसऱ्या संघात चार चढाईपटू आहेत, प्रत्येकाची सरासरी ४, मानक विचलन २. सरासरी दोन्हीकडे १६ च. पण चौघांची कामगिरी एकमेकांपासून स्वतंत्र मानली तर दुसऱ्या संघाचं एकत्र मानक विचलन येतं ४ चं वर्गमूळ गुणिले २, म्हणजे फक्त ४. चढउतार थेट निम्मा.

बावीस सामन्यांच्या साखळीत हा फरक फारसा टोचत नाही. एक वाईट रात्र दुसऱ्या चांगल्या रात्रीने भरून निघते. बाद फेरीत ती एक वाईट रात्र म्हणजे घरचं तिकीट.

पण याच गणितातून लोकांच्या मताला न परवडणारी एक गोष्टही निघते. चढउतार कमी असणं फायद्याचं कुणाला? जो आधीच वरचढ आहे त्याला. समोरच्यापेक्षा तुमची सरासरी चार गुणांनी कमी असेल, तर कमी चढउतार म्हणजे ठरलेली हार. दुबळ्या संघाने बाद फेरीत जुगारच खेळायला हवा, आणि एकटा भन्नाट चढाईपटू हा त्यातला सर्वांत चांगला पत्ता. म्हणजे "बाद फेरीत समतोल हवा" हे सगळ्यांसाठी खरं नाही. ते बलवान संघासाठी खरं आहे. दुबळ्यासाठी उलटं.

बघा, मूळ मत किती बदललं. सुरुवातीला वाक्य होतं, "समतोल संघ जिंकतात." आता आपल्याकडे तपासता येतील अशी दोन विधानं आहेत. एक, संजीवनीच्या नियमामुळे संघाचं यश मुख्य चढाईपटू किती गुण आणतो यापेक्षा तो बाद झाल्यावर किती लवकर परत येतो यावर जास्त अवलंबून असावं. दोन, गुण अनेकांत वाटलेले असण्याचा फायदा वरचढ संघाला मिळावा आणि कमकुवत संघाला त्याचा तोटा व्हावा. दोन्ही विधानं खोटी ठरू शकतात. म्हणूनच त्यांच्यावर काम करता येतं.

आता मोजायचं काय?

पहिल्या विधानासाठी मी मोजेन ते असं : मुख्य चढाईपटू बाद झाला त्या क्षणी त्याच्या पुढे रांगेत किती जण होते आणि तो परत येईपर्यंत किती सेकंद गेले. चाळीस मिनिटांच्या सामन्यात २४०० सेकंद असतात. त्यातले तो किती सेकंद बाहेर होता, हा एक आकडा प्रत्येक सामन्यासाठी काढा. यात चढाई, पकड, दुसरा चढाईपटू, सगळं आपोआप येतं, आणि "समतोल" हा निसरडा शब्द वापरावाच लागत नाही.

मात्र आघाडीचा घोळ इथेही शिरू शकतो, म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर त्या क्षणाचा गुणफरक लिहा. आणि लोणानंतर सगळे एकदम आत येतात, तेव्हा त्या नोंदी वेगळ्या ठेवा, नाहीतर दारुण हरणाऱ्या संघाचा चढाईपटू "लवकर परत आला" असं दिसेल.

यासाठी मोठा निधी लागत नाही. सामन्यांच्या चित्रफिती आहेत, आणि त्याही नको असतील तर भिवंडीतली, नाहीतर तुमच्या गावातली स्पर्धा आहे. मैदानाच्या कडेला घड्याळ आणि वही घेऊन दोघांनी बसा. दोघांनी स्वतंत्र नोंदी करा, एकमेकांच्या वहीत न बघता, आणि शेवटी किती जुळल्या ते तपासा. मातीवरच्या आणि मॅटवरच्या सामन्यांत फरक पडतो का, हा तर आणखी एक प्रश्न. तीस सामन्यांच्या अशा नोंदी हातात असतील, तर त्या घेऊन कुठल्याही मुलाखतीला जा. "समतोल म्हणजे नक्की काय?" असं विचारलं की व्याख्या पाठ म्हणून दाखवायची गरज पडणार नाही, वही पुढे सरकवता येईल.

तुमचा विषय कबड्डी नसेल, बहुधा नसेलच. तरी सिनॉप्सिसमधलं तुमचं मुख्य वाक्य आज बाहेर काढा आणि त्याला हेच विचारा : यंत्रणा काय, न बसणारी उदाहरणं कुठली, मूळ दर किती, व्याख्या कधी ठरली, कारण-परिणाम उलटे तर नाहीत, नोंदी स्वतंत्र आहेत का. सहा प्रश्नांनंतर वाक्य बदललेलं असेल. बदललेलं वाक्य मूळच्या वाक्याहून कमी आकर्षक दिसेल, तेच लिहा.